मलिदा कशाचा होता

८ जानेवारी १९७८, रविवार

कंपनीने यंदाही डायरी दिली. पूर्वी माझी बायको सिप्पोरा तिच्यात दुधाचे खाडे आणि पाहुण्यांचे पत्ते लिहायची. ती वारल्यापासूनच्या डायऱ्या कोऱ्या पडून आहेत. ही कोरी ठेवायची नाही असं ठरवलंय, कारण सध्या डोक्यात जे चाललंय ते घरी बोलायला कोणी नाही, आणि बॉयलरच्या आवाजात बाहेरही बोलता येत नाही.

बातमी चांगली आहे. रूबेनला मुलगा झाला. माझा पहिला नातू, तोही इस्राएलात, बैरशेबाला. लहानपणी शास्त्रात वाचलं होतं, अब्राहामाने तिथे विहीर खणली. आता माझा मुलगा तिथे बसगाड्या दुरुस्त करतो. नाव एयाल ठेवलंय. मी घरात मोठ्याने म्हणून पाहिलं. तोंडात बसत नाही. आमच्या बेने इस्राएलांत हसाजी, समाजी, बेनाजी अशी नावं असायची, ती हाक मारायला सोपी.

रूबेन म्हणतो, बाबा, आता या. बाल्कनी बंद करून तुमच्यासाठी खोली काढतो. आणि धाकटा भाऊ दानू मेलबर्नहून म्हणतो, मुलाच्या संसारात काय लुडबूड करतोस, इकडे ये, इथल्या लाँड्रीत बॉयलरवाले लागतातच.

वाकरुळच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला दोन देश बोलावतायत. शिवाय तिसरा एक आहे, ज्यात मी बसलोय. त्याच्याबद्दल कोणी काही म्हणत नाही.

१५ जानेवारी, रविवार

काल शनिवार, आमचा विसाव्याचा शब्बाथ, म्हणून लिहिलं नाही.

सहा दिवस माझा धंदा आगीचा. सातव्या दिवशी काडी हातात घेत नाही. सिप्पोरा होती तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी ती दिवा लावायची, शनिवारचं जेवण आदल्या दिवशीच करून ठेवायची, आणि थंड जेवण दोघांनी मिळून खाल्लं की थंड वाटत नसे. आता दिवा मी लावतो. शनिवारी सकाळी शेजारच्या सुमनताई चहा आणून देतात. त्या पालिकेच्या शाळेत शिक्षिका आहेत, माहेर कऱ्हाडचं. त्यांचे यजमान प्रभाकरराव पलीकडच्या कारखान्यात फिटर आहेत. चहा जास्त होतो म्हणून आणत असाव्यात. काल म्हणाल्या, "तुमच्या देवाचं बरं आहे मामा, एक दिवस हक्काची सुट्टी. आमच्यातल्या एकाही देवाला रजा नाही."

आळीत मला शनवारमामा म्हणतात. कोकणात आमच्या आज्याला लोक शनवार तेली म्हणायचे. तेलाचा घाणा गेला, कोकण सुटलं, शनिवार तेवढा बरोबर आला.

दोन्ही देशांचा विचार केला. दानूकडे थंडी, स्वच्छता, चांगला पगार. पण दानू शनिवारी कामाला जातो आणि मिळेल ते खातो. त्याच्या घरी मी शेमाची प्रार्थना म्हणायला लागलो तर तो दूरदर्शनचा आवाज वाढवणार नाही, पण कमीही करणार नाही. रूबेनकडे शनिवारी सगळं गावच बंद. मात्र सूनबाई मोरोक्कोकडच्या घरातली. तिला मराठी येत नाही, मला प्रार्थनेपुरतीच हिब्रू. आम्ही दोघं एकमेकांशी आशीर्वादातच बोलणार.

खरं सांगायचं तर इथून कोणी एकाने म्हटलं, नका जाऊ, तर मी दोन्हीकडे नाही कळवून मोकळा होईन. पण असं कोणाला म्हणायला सांगता येत नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

गुरुवारी वीज नसल्याने सगळी कंपनी बंद असते, फक्त आम्ही देखभालवाले असतो. आज बॉयलरच्या नळ्या साफ केल्या. माझा साथी धोंडीबा थेरगावचा. त्याचा आज सुट्टीचा वार, पण दत्ताला जाऊन येता येता गेटावर डोकावला. मी इथे लागल्यापासून शनिवारची माझी ड्युटी तो करतो आणि त्याच्या गुरुवारी मी. साहेबाला कधी विचारावं लागलं नाही, आमचं आम्हीच ठरवलं.

"काय वाकरुळकर, ठरलं का?"

म्हटलं, "नाही अजून."

"पोराकडं समदेच तुमच्यातले म्हनं."

"हो."

"मग शनवारी तिकडं बॉयलर कोन पेटवतं?"

"कोणीच नाही."

"म्हंजे आख्ख्या गावाची आंगुळ गार पान्यानं!" आणि स्वतःच हसत सुटला. "त्यापरीस आमचं थेरगाव बरं. येक मी हाय ना पेटवायला."

मीही हसलो. घरी आल्यावर वाटलं, तो नुसती थट्टा करत होता की आणखी काही? पण धोंडीबा सगळ्याचीच थट्टा करतो.

२२ जानेवारी, रविवार

नातवाच्या जन्माचा मलिदा करायचं ठरवलं. उद्या आमचा झाडांचा सण, पण सोमवारी रजा कुठली. गुरुवारी सव्वीस जानेवारी आहे, कामावर जायचं नाही. पुण्याहून रास्ता पेठेतल्या सिनेगॉगात प्रार्थना चालवणारे हाजानसाहेब यायला तयार झाले.

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं, आणि आमचा संदेष्टा एलियाहू हन्नाबी याच्या नावाने प्रार्थना. आमच्यात मूल झालं की करतात, दुखणं बरं झालं की करतात, लांबच्या प्रवासाला निघताना करतात. समोरच्या इमारतीत आमच्यातली दोन घरं होती, पुगावकर आणि पेझारकर. पुगावकर बाहत्तरला देश सोडून गेले, पेझारकर पंचाहत्तरला. दोघांनी निघण्याआधी केला होता. त्यानंतर या आळीत मलिदा झालेलाच नाही. त्यांच्यानंतर इथे आमच्यातला मी एकटाच.

ताट माझ्याकडे लहान आहे. सुमनताईंकडे मोठं पितळी ताट मागितलं. त्यांनी विचारलं नाही कशाला. आतून आणून पुसत उभ्या राहिल्या, बराच वेळ पुसलं. मग म्हणाल्या, "पुगावकरांना हेच दिलं होतं. पेझारकरांनाही. आता हे तिसऱ्यांदा जातंय."

मला ओशाळल्यासारखं झालं. उसनं भांडं पुन्हा पुन्हा मागितलं की कोणालाही कंटाळा येणारच. पुढच्या महिन्यात एक मोठं ताट विकत घेईन.

२६ जानेवारी, गुरुवार

चांगला झाला. हाजानसाहेब आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघे आले होते. प्रार्थना म्हणताना हाजानसाहेबांचा आवाज अजून खणखणीत आहे. रूबेनच्या बाळाचं नाव त्यांनी पहिल्याच फटक्यात बरोबर उच्चारलं.

आळीतले बरेच जण आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. धोंडीबा थेरगावहून बायकोला, सोजरबाईला घेऊन आला. ती कधी येत नाही. धोंडीबाने धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि एकही विनोद केला नाही. मी म्हटलं, "काय, तब्येत बरी नाही का?" तर म्हणाला, "बरी हाय की." सुमनताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खोलीत लोबान जरा जास्तच झाला होता, खिडकी उघडायला हवी होती.

मी नातवाची गोष्ट सांगणार होतो, नावही सांगणार होतो. पण सगळे इतके गप्प होते की मीही गप्पच राहिलो. प्रसाद वाटला. सोजरबाईने पदरात घेतला, माझ्या पायांकडे हात नेला, आणि मी मागे सरेपर्यंत पाया पडून मोकळीही झाली.

सिप्पोरा असती तर म्हणाली असती, लोकांनी किती मान दिला.

२९ जानेवारी, रविवार

प्रभाकररावांनी जिन्यात गाठलं. इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "मामा, वाईट वाटून घेऊ नका, पण खोलीचं काही ठरवलंत का? आमच्या मेहुणीचं, मृदुलाचं, वैशाखात लग्न आहे. जावई इथेच आकुर्डीत लागलेत. बाहेरचा कोणी येण्यापेक्षा..."

मी म्हटलं, "अहो, अजून काहीच ठरलेलं नाही."

ते हसले. "बरोबर आहे. पुगावकरही शेवटच्या आठवड्यापर्यंत असंच म्हणत होते. दृष्ट लागते."

मी वर आलो आणि कितीतरी वेळ कुलूप उघडलंच नाही. त्यांना माझी खोली हवी आहे यात राग मानण्यासारखं काही नाही. मुलगी त्यांच्या घरची आहे. पण एखाद्याने एकदा तरी म्हणावं ना, मामा, खरंच जाणार?

५ फेब्रुवारी, रविवार

काल सुमनताई चहा घेऊन आल्या, नेहमीसारख्या बसल्या नाहीत. कप ठेवला आणि गेल्या.

आज दुपारी पुन्हा आल्या. मोठा डबा भरून काळा मसाला. "तिकडे असला मिळायचा नाही. वर्षभर पुरेल. तोंड घट्ट बांधून न्या."

मी म्हटलं, "ताई, एवढा कशाला? अजून तर..."

"असू द्या. तुमच्या देवापुढे सगळं झालंय. आता आम्ही काय बोलायचं!"

देवापुढे काय झालंय ते मला समजलं नाही, पण त्यांच्या स्वरात एक तुटकपणा होता. मी दोन वर्षं त्यांच्या शनिवारच्या चहावर आयता जगतोय. त्यांनाही आपलं घर आहे, शाळा आहे.

६ फेब्रुवारी, सोमवार

आज आणखी एक कळलं. धोंडीबाने फोरमनकडे अर्ज केला आहे की पुढच्या तिमाहीपासून त्याला शनिवारची ड्युटी नको. मी त्याला विचारलं नाही. पंपाच्या खोलीत भेटला तेव्हा तोच म्हणाला, "आता दुसऱ्या कुनाचा शनवार करायचा न्हाई मला. लय झालं."

लय झालं. बरोबर आहे. इतकी वर्षं त्याने शनिवार दिला, मी कधी विचारलंही नाही की त्याला अडचण होते का. म्हणायचा, मला बी बेस हाय, दत्ताचा वार मोकळा मिळतो. माणसं आपल्या तोंडावर असंच म्हणतात.

१२ फेब्रुवारी, रविवार

काल दिवसभर विचार केला. शब्बाथला काळजीचे विचार करू नयेत, पण आले.

लोकांनी मनातल्या मनात मला केव्हाच पाठवून दिलंय. खोली ठरली, शनिवार सुटला, मसाला बांधून आला. मी तेवढा इथे उरलोय. स्टेशनवर एखादा सगळ्यांना निरोप देऊन बसतो आणि गाडीच सुटत नाही, तसं झालंय. सगळेच अवघडलेत.

तेव्हा जायचं. आता प्रश्न राहिला कुठे.

आज उत्तर मिळालं. इतकी वर्षं माझा शनिवार दुसऱ्यांनी ओढला. एकाने माझी आग सांभाळली, एकीने चहा दिला. मेलबर्नलाही तेच होईल, कोणीतरी माझ्यासाठी ड्युटी बदलून घ्यायची, कोणीतरी चूल पेटवायची. बैरशेबात मात्र शनिवार सगळ्यांचाच. तिथे मी कोणाला ओझं होणार नाही. दानूला नाही कळवतो.

लोक म्हणतील, धर्मासाठी गेला. म्हणू देत.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

रजा घेऊन इस्राएलला जाणाऱ्यांची नोंद करणाऱ्या मुंबईच्या कचेरीत जाऊन आलो. टेबलाशी आमच्यातल्याच एक बाई होत्या, माहेरच्या रोह्याकडच्या. मराठीतूनच बोलल्या. मला वाटलं होतं, शास्त्रातलं काही विचारतील. त्यांनी विचारलं, उन्हाळा सोसतो का?

म्हटलं, "बॉयलरवर काम करतो."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "सगळे मुलाकडे जायचंय म्हणून सांगतात. तुम्ही अजून मुलाचं नाव घेतलं नाहीत."

मी गोंधळलो. म्हटलं, "आहे ना, मुलगा आहे, नातू आहे."

"तसं नाही हो मामा. इथे कोण आहे तुमचं?"

मी सांगितलं, कोणी नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं. बाहेर पडल्यावर मला उगीचच धोंडीबा आठवत राहिला.

२७ मार्च, सोमवार

कंपनीला राजीनामा दिला, मे अखेरपर्यंत काम. फोरमन म्हणाले, "कळलं होतं आम्हाला जानेवारीतच." यांना जानेवारीत कसं कळलं? मला फेब्रुवारीत कळलं.

सुमनताईंना सांगायला गेलो. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बैरशेबा. हं. म्हणजे ऑस्ट्रेलिया नाही."

"नाही."

"बरं झालं. नातू तरी दिसेल." आणि लाल शाईने कोणाच्या तरी उत्तरावर एवढी मोठी फुली मारली. ते उत्तर बरोबर आहे हे मलाही दिसत होतं. मी सांगितल्यावर त्यांनी फुली खोडली.

२४ एप्रिल, सोमवार

पेसाह सणाचे पहिले दोन दिवस झाले, म्हणून आज लिहितो. पुण्याला बोलावलं होतं, पण इथला शेवटचा सण घरीच करायचा होता. तांदळाच्या भाकरीऐवजी पुण्याहून आणलेल्या बिनखमिराच्या रोट्या, मनुकांचं सरबत, कोथिंबीर. त्या रात्री घरातल्या धाकट्याने चार प्रश्न विचारायचे असतात आणि मोठ्याने उत्तरं द्यायची. मीच विचारले, मीच उत्तरं दिली. तिसऱ्या प्रश्नाला सिप्पोरा नेहमी रूबेनला कोपराने ढोसायची, तो तिथे अडायचा. मी अडलो नाही, तेव्हा चुकल्यासारखं झालं.

२८ मे, रविवार

मृदुलाचं लग्न झालं. तिचं कपाट आमच्या व्हरांड्यात येऊन उभं आहे. मी म्हटलं, आतच ठेवा, मला फार जागा लागत नाही. नवरा-बायको दोघं लाजून उभी होती. मुलगी चांगली आहे. खिडकीला पडदा कोणत्या रंगाचा बरा दिसेल असं मला विचारत होती. मी सांगितलं, सकाळचं ऊन थेट येतं, तेव्हा जाड घे.

माझ्या जागी बीडकडचा एक माणूस लागला. बायकोमुलं घेऊन आलाय, काळेवाडीत राहतो. बॉयलरच्या आतलं पाणी काचेत बाहेरून कसं बघायचं ते त्याला दाखवलं. मला गुरुजी म्हणतो. धोंडीबा त्याच्याशी अजून एक शब्द बोललेला नाही. मी रागावलो, तर म्हणाला, "बोलीन की. तुमी गेल्यावं बोलीन."

७ जून, बुधवार

उद्या सकाळी मुंबई, तिथून रात्रीचं विमान. शब्बाथच्या आत पोचेन.

आज कामावरून थेट धोंडीबा आला. सोजरबाईने तांदळाच्या पिठाचे लाडू दिले होते. डब्यावर फडकं बांधून वर सांगितलं होतं म्हणे, की नव्या पातेल्यात केलेत, तूप घरचं, मामांना चालतील म्हणावं. सुमनताईही येऊन बसल्या. ट्रंका बांधून झालेल्या, म्हणून तिघंही जमिनीवरच.

मग धोंडीबा म्हणाला, "येक बोलू का? आता निघालाच हायसा, बोलाय हरकत न्हाई."

"बोला की."

"त्या मलिद्याच्या दिवशी लय आलं हुतं मनात. म्हनावं, वाकरुळकर, नगा जाऊ. पाय धरनार हुतो. पर कारभारीन म्हनली, देवाफुडं ताट ठिवून मानूस निघालाय, आता आडवं बोललास तर त्येच्या वाटंला काय तरी हुईल. म्हनून गप ऱ्हायलो. शनवार बी सोडला. तुमच्याबिगर दुसऱ्या कुनाचा करायचा, जीव हुईना."

सुमनताई म्हणाल्या, "मीही तेव्हापासून तोंड शिवून घेतलं होतं. पुगावकरांच्या मलिद्यानंतर मी त्यांच्या बायकोच्या गळ्यात पडून रडले होते, जाऊ नको म्हटलं होतं. तिकडे गेल्यावर महिन्यात ती आजारी पडली. तेव्हाच ठरवलं, ताट झाल्यावर चकार शब्द काढायचा नाही. नाहीतर मामा, मी तुम्हाला सोडलं असतं होय?"

जानेवारीपासूनचं सगळं एकदम समोर आलं. ते दारात उभे राहिलेले लोक. ते पाया पडणं. सुमनताईंच्या डोळ्यांतलं पाणी, ते लोबानाचं नव्हतंच.

हे लोक माझ्यासाठी गप्प होते, आणि मी त्यांच्या गप्प राहण्यावरून देश ठरवला.

तोंडापर्यंत आलं होतं. मलिदा नातवाचा होता. मी कुठेच निघालो नव्हतो. एवढं म्हटलं असतं तर धोंडीबाने ट्रंकेचे दोर तिथल्या तिथे सोडले असते. मग बीडच्या माणसाने काय करायचं? मृदुलाने ते कपाट कुठे न्यायचं? रूबेनने बाल्कनीला खिडक्या बसवल्यात, गुरुवार-शुक्रवारची रजा काढलीय. आणि हे सगळं निस्तरलं तरी हे दोघं आयुष्यभर म्हणत राहणार, आपण एक शब्द बोललो असतो तर मामांना एवढा त्रास झाला नसता. मी एक शब्द विचारला असता, हे त्यांच्या कधी लक्षातही येणार नाही.

माझ्याकडे बघून धोंडीबाच्या कपाळावर आठी आली. तो माणूस थट्टेखोर असला तरी बॉयलरवाला आहे, आतलं पाणी त्याला बाहेरून कळतं. म्हणाला, "त्यो मलिदा जान्याचाच हुता न्हवं? का आमीच आपलं..."

सुमनताईंनीही माझ्याकडे पाहिलं.

आयुष्यात एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन मी खोटं बोललेलो नाही. आज त्याच्या ताटाबद्दल बोललो.

म्हटलं, "व्हय. जान्याचाच."

धोंडीबाने एकदम मोकळा श्वास घेतला. "मग बेस झालं, आडवं बोललो न्हाई त्ये," म्हणाला, आणि लाडवांच्या डब्याचं फडकं सोडून पहिला लाडू त्यानेच घेतला.